पायजियम : एका रद्द झालेल्या नावाचा इतिहास

सन १९६५ मध्ये लायडन येथील वनस्पतिशास्त्रज्ञ कॉर्नेलिस काल्कमन यांनी 'ब्लुमेया' या नियतकालिकात शंभरेक पृष्ठांचा एक प्रबंध प्रसिद्ध केला. विषय रूक्ष होता. आशिया, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियाकडील बेटांवरची चेरीच्या कुळातली सदाहरित झाडे तपासून त्यांनी असा निर्वाळा दिला की, 'पायजियम' म्हणून जी स्वतंत्र प्रजाती पावणेदोनशे वर्षे मानली गेली ती स्वतंत्र नाहीच. तिच्यातली सगळी झाडे 'प्रुनस' या जुन्या, ऐसपैस प्रजातीत सामावतात, म्हणजे बदाम, जरदाळू, पीच आणि चेरी यांच्याच घरात. त्यामुळे आफ्रिकेच्या डोंगरी रानांत वाढणारे 'पायजियम आफ्रिकानम' हे झाड 'प्रुनस आफ्रिकाना' झाले. शास्त्रापुरते जुने नाव त्या दिवशी संपले.

पुढच्याच वर्षी, सन १९६६ मध्ये, झाक देबा या फ्रेंच औषधनिर्मात्याने त्याच झाडाच्या सालीच्या अर्काचे पेटंट मागितले. उतारवयात पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढते आणि लघवीला त्रास होतो, त्यावर हा अर्क उपयोगी पडतो असा दावा होता. तेव्हापासून आजतागायत बाजारात, डब्यांवर, वैद्यकीय नियतकालिकांत हा अर्क ओळखला जातो तो 'पायजियम' या नावानेच. शास्त्राने टाकून दिलेले नाव व्यापाराने उचलले आणि ते शास्त्रात कधी चालले नव्हते इतके बाजारात चालवले. आम्हांस या झाडाचा इतिहास सांगावासा वाटला तो या विसंगतीमुळे. साहित्याच्या अभ्यासकांना नाव, लेखन आणि मालकी यांचे नाते नवे नाही. येथे ते एका झाडाच्या अंगावर वाचता येते.

एक खुलासा आधीच केलेला बरा. मराठीत 'साल' म्हणजे झाडाची त्वचा आणि 'साल' म्हणजे वर्ष. दुसरा शब्द फारसीतून आला. पुढच्या मजकुरात दोन्ही गोष्टींचा सारखा उल्लेख येणार असल्याने वर्षासाठी आम्ही 'सन' किंवा 'वर्ष' म्हणू आणि 'साल' झाडाकडे राहू देऊ.

झाड तसे देखणे आहे. तीस-चाळीस मीटर उंच, काळपट खवल्याखवल्यांच्या सालीचे, वर्षभर हिरवे. पान चुरगाळले की कडू बदामाचा वास येतो. तो वास या कुळाचाच, त्यातल्या सायनाइडजन्य द्रव्यांचा. फुले बारीक, पांढरट, सुवासिक. फळ सेंटिमीटरभर, लालसर जांभळे आणि माणसाच्या जिभेला कडू. माकडे आणि पक्षी मात्र ते आवडीने खातात आणि बी दूर नेऊन टाकतात. कॅमेरूनपासून इथिओपियापर्यंत, केनिया, युगांडा, टांझानियापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत आणि समुद्रापलीकडे मादागास्करातही हे झाड आहे. पण सलग कुठेच नाही. विषुववृत्ताजवळ ते साधारण हजार ते तीन हजार मीटर उंचीच्या पट्ट्यात राहते आणि आफ्रिकेत असे पट्टे एकमेकांपासून शेकडो मैल दूर, सखल उष्ण प्रदेशांनी वेढलेले आहेत. समुद्रातल्या बेटांसारखी ही डोंगरांची बेटे आहेत.

इतक्या बेटांवरच्या झाडाला नावेही तितकीच असणार. खोसा भाषेत ते 'उम्काकासे'. झुलू भाषेत त्याला 'इन्याझांगोमा-एलिम्न्यामा' असे लांबलचक नाव आहे, त्यातले शेवटचे पद काळेपणा सांगते. किकुयू लोक त्याला 'मुइरी' म्हणतात, मादागास्करात ते 'कोतोफिही'. दक्षिण आफ्रिकेतील डच वसाहतकऱ्यांच्या वंशजांनी त्याला 'रोइस्टिंकहाउट', म्हणजे तांबडे दुर्गंधी लाकूड, असे नाव दिले. ताज्या तोडलेल्या लाकडाला उग्र वास येतो म्हणून. हे नाव ठेवणाऱ्याच्या हाती कुऱ्हाड होती हे नावावरूनच कळते. बैलगाड्यांसाठी हे जड, टणक लाकूड वापरले जाई. कॅमेरूनच्या पिजिनमध्ये ते 'कांडा स्टिक' आहे. 'कांडा' म्हणजे कातडी, साल, आणि 'स्टिक' म्हणजे झाड. हे नाव सालीच्या व्यवहाराकडे पाहून पडलेले दिसते. 'आफ्रिकी चेरी' हे इंग्रजी नाव तर ज्यांनी युरोपातली गोड चेरी खाल्ली आहे त्यांच्या आठवणीतून आले. फळ चाखून पाहणारा माणूस ते नाव ठेवणार नाही.

या सगळ्या नावांतून कागदावर चढले ते एक, आणि ते कसे चढले हे थोडे विस्ताराने सांगण्याजोगे आहे.

डिसेंबर १८६१ मध्ये आणि १८६२ च्या आरंभी कॅमेरून पर्वतावर एक छोटी मंडळी चढत होती. हा जिवंत ज्वालामुखी गिनीच्या आखातालगत चार हजार मीटरहून उंच उठला आहे. मंडळीत तिघे विशेष होते. एक आल्फ्रेड सेकर, किनाऱ्यावर व्हिक्टोरिया (आजचे लिंबे) ही वसाहत वसवणारा बाप्तिस्त मिशनरी. दुसरा रिचर्ड बर्टन, त्या वेळी फर्नांडो पो बेटावरचा ब्रिटिश वकील. तिसरा गुस्ताफ मान, क्यू येथील उद्यानासाठी वनस्पती गोळा करणारा तरुण जर्मन. बर्टनने शिखरांना राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स आल्बर्ट यांची नावे देऊन टाकली. पायथ्याच्या बाक्वेरी लोकांचे नाव त्या डोंगराला होतेच, पण ज्याला नकाशा काढायचा असतो त्याला डोंगर बिननावाचा दिसतो.

बर्टन मराठी वाचकाला अगदीच परका नाही. मुंबई सैन्यातला हा अधिकारी आजारपणाच्या रजेवर गोव्यात आणि निलगिरीवर हिंडला होता आणि १८५१ मध्ये त्याने त्यावर 'गोवा अँड द ब्लू माउंटन्स' हे खवचट पुस्तक लिहिले. त्यात उटकमंडच्या थंड हवेतले इंग्रज आहेत. दहा वर्षांनी कॅमेरूनच्या उतारावरही तो गोऱ्या माणसांसाठी आरोग्यधाम कुठे बांधता येईल हेच पाहत होता. थंड डोंगर दिसला की त्या काळच्या साम्राज्याला आधी आपल्या अधिकाऱ्यांची प्रकृती आठवे.

गुस्ताफ मानचे तसे नव्हते. तो पाने, फुले, फळे दाबून कागदात घालत होता. त्या पर्वतावरच्या मोहिमांत त्याने गोळा केलेल्या नमुन्यांची पेटारी क्यूला गेली आणि जोसेफ डाल्टन हुकर यांनी १८६४ मध्ये लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात त्यांची यादी प्रसिद्ध केली. तिच्यात एक नवे झाड होते : पायजियम आफ्रिकानम. 'पायजियम' हा शब्द हुकरांचा नव्हे. तो जर्मन शास्त्रज्ञ योसेफ गेर्टनर याने १७८८ मध्ये फळे आणि बिया यांवरील आपल्या ग्रंथात श्रीलंकेतल्या एका झाडासाठी बनवला होता. ग्रीक भाषेत 'पिगे' म्हणजे नितंब. त्या फळाला मधोमध खाच असते आणि त्याचे दोन गोलसर भाग दिसतात, एवढ्यावरून गेर्टनरला ही उपमा सुचली. वर्गीकरणाच्या गंभीर लॅटिनमध्ये अशा चेष्टा ठिकठिकाणी लपलेल्या असतात. आज औषधाच्या दुकानात 'पायजियम' मागणाऱ्या प्रौढ गृहस्थांना आपण ग्रीकमध्ये काय उच्चारत आहोत हे ठाऊक नसते, हे एका परीने बरेच आहे.

गेर्टनरच्या झाडाचे भाऊबंद आपल्याकडेही आहेत. पश्चिम घाटाच्या सदाहरित रानांत वाढणारे एक पायजियम हुकरांनीच पुढे 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया'त 'पायजियम गार्डनेरी' म्हणून नोंदवले. आता ते 'प्रुनस सिलॅनिका' या नावात मोडते. म्हणजे काल्कमन यांच्या निर्वाळ्याने सह्याद्रीतल्या झाडाचेही नाव बदलले. फरक इतकाच की त्याची साल कोणी युरोपात नेली नाही, आणि म्हणून त्या नावबदलाने कोणाचे काही बिघडले नाही.

मानचा पुढचा प्रवास योगायोगाने भारताकडे झाला. १८६३ मध्ये तो दार्जिलिंगच्या सिंकोना लागवडीवर आला आणि नंतर आसामच्या जंगलांचा संरक्षक म्हणून १८९१ पर्यंत राहिला. सिंकोनाची साल म्हणजे कोयनेलचा उगम. दक्षिण अमेरिकेच्या डोंगरांतून ते झाड आणून साम्राज्याने आपल्या डोंगरांवर लावले होते. एका औषधी सालीच्या मळ्यावर काम करणाऱ्या या माणसाने दुसऱ्या औषधी सालीचे झाड आपल्या पेटाऱ्यात क्यूला पाठवले होते. तेव्हा त्याच्या दृष्टीने ते एक नवे झाड होते, औषध नव्हे.

हुकरांच्या त्या लेखातली एक गोष्ट नजरेआड होऊ नये. कॅमेरूनच्या उंचावरच्या वनस्पती पाहताना त्यांना जाणवले की त्यांचे सगेसोयरे पायथ्याच्या सखल जंगलात नाहीत. ते खंडाच्या दुसऱ्या टोकाला, सुमारे तीन हजार किलोमीटरवर, ॲबिसिनियाच्या म्हणजे आजच्या इथिओपियाच्या डोंगरांवर आहेत. मध्ये उष्ण प्रदेश पसरलेला असताना हे नाते जुळले कसे, हा प्रश्न १८६४ मध्ये मांडून ठेवला गेला. उत्तराला बराच वेळ लागायचा होता.

आता सालीकडे वळू. कॅमेरूनच्या डोंगराळ भागात या झाडाची साल ताप, हिवताप, पोटाचे विकार, छातीतले दुखणे यांवर देत असत. जाणकार वैदू एका झाडाचा हातभर तुकडा काढी आणि जखम भरून येई. साल पुन्हा धरण्याची या झाडाची ताकद विलक्षण आहे. लाकडाचे कुऱ्हाडीचे आणि कुदळीचे दांडे होत. हा वापर शतकानुशतके चालला आणि त्याने रानाला धक्का लागला नाही.

औषधाच्या माहितीपत्रकांत मात्र दुसरीच कथा वारंवार आढळते. अठराव्या शतकात दक्षिण आफ्रिकेत गेलेल्या युरोपीय प्रवाशांना तिथल्या लोकांनी 'म्हाताऱ्यांच्या दुखण्यावर', म्हणजे लघवीच्या त्रासावर, ही साल सांगितली, अशी ती कथा. आम्ही ती जिथे जिथे वाचली तिथे प्रवाशाचे नाव नाही, गावाचे नाही, सांगणाऱ्या जमातीचेही नाही. ज्यांनी लोककथांचे पाठ तपासले आहेत त्यांना हा घाट ओळखू येईल. निनावी प्रवासी, निनावी वनवासी आणि हाती दिलेले गुपित. कथा खरी असो वा रचलेली, तिचे काम ठरलेले आहे. औषधाला प्राचीनतेचे वजन मिळते, आणि ज्याचे ज्ञान म्हणून ते वजन मिळते त्याला कोणतेही देणे लागत नाही, कारण तो कोण हे कथेतच नाही.

येथे आपल्याकडचा एक प्रसंग शेजारी ठेवून पाहावा. जखमेवर हळद लावण्याचे अमेरिकी पेटंट १९९५ मध्ये दिले गेले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली तो लढा दिला, हे मराठी वाचकांना ठाऊक आहे. पण तो जिंकला कशाच्या बळावर? पेटंट कार्यालयापुढे संस्कृत आणि उर्दू ग्रंथांतले उतारे ठेवता आले, १९५३ मधला एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला निबंध ठेवता आला. घरोघरच्या आज्यांची साक्ष तिथे चालली नसती. आज्यांना ठाऊक असलेली गोष्ट कोणीतरी, कधीतरी, लिहून ठेवली होती म्हणून ती 'पूर्वज्ञात' ठरली. उम्काकासे किंवा मुइरी यांच्या बाबतीत असे ग्रंथ नव्हते. ज्ञान होते, ते वैदूच्या हातात आणि तोंडात होते. देबा यांचे पेटंट सालीच्या विशिष्ट अर्काचे होते, त्यामुळे हळदीची तुलना कायद्याच्या अंगाने तंतोतंत बसत नाही हे मान्य. शिवाय १९६६ मध्ये अशा ज्ञानाच्या मोबदल्याचा प्रश्न विचारणारा आंतरराष्ट्रीय करारच नव्हता. जैवविविधता करार १९९२ चा, नागोया मसुदा २०१० चा. तरीही मौखिक परंपरेचा अभ्यास करणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा असे आम्हांस वाटते. आपण मौखिकतेचे गोडवे गातो, आणि मालकीचा प्रश्न आला की कागद मागितला जातो.

देबा कंपनीचे 'तादेनान' हे औषध सत्तरच्या सुमारास फ्रान्समध्ये विकू लागले. इटली आणि स्पेनमध्येही सालीच्या अर्काची औषधे निघाली. साल लागणार ती आफ्रिकेतून. १९७२ मध्ये देबाच्या 'प्लांटेकॅम' या उपकंपनीने कॅमेरून पर्वताच्या पायथ्याशी मुटेंगेने येथे काम सुरू केले. ही जागा इतिहासाने आधीच जखमी होती. बाक्वेरी लोकांनी १८९१ मध्ये कुवा लिकेन्ये यांच्या पुढारपणाखाली जर्मनांना बुएया येथे मागे रेटले होते, पण काही वर्षांतच ते हरले आणि उतारावरची सुपीक जमीन मळ्यांसाठी गेली. खालची जमीन गेलेल्या लोकांना वरचे रान उरले होते. आता त्या रानातल्या झाडाची कातडी विकली जाऊ लागली.

सुरुवातीची रीत विचारपूर्वक ठरवलेली होती. खोडाच्या घेराचे चार चतकोर कल्पायचे. समोरासमोरच्या दोन चतकोरांची साल खालपासून पहिल्या फांदीपर्यंत काढायची, उरलेल्या दोहोंना हात लावायचा नाही. चार-पाच वर्षांनी परत यायचे, तोवर जखमेवर नवी साल आलेली असते, मग उरलेले दोन चतकोर काढायचे. यामागचे कारण सोपे आहे. पानांनी तयार केलेले अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे उतरते. दोन पट्ट्या शिल्लक असल्या तरी वाट चालू राहते. पूर्ण वेढ्याने साल काढली तर मुळे उपाशी मरतात आणि मग झाड शेंड्याकडून वाळत येते. उघड्या लाकडात किडे आणि बुरशी शिरते ती वेगळीच.

१९८५ मध्ये सरकारने आणखी सुमारे पन्नास परवाने दिले आणि प्लांटेकॅमची मक्तेदारी संपली. मक्तेदारी संपणे एरवी स्वागतार्ह म्हणावे, पण येथे तिच्याबरोबर चतकोराची शिस्तही गेली. चार वर्षांनी आपणच परत येऊ याची खात्री नसलेला माणूस दोन पट्ट्या कोणासाठी सोडील? दुसरा येऊन त्या नेणारच. म्हणून पूर्ण वेढा सोलला जाऊ लागला, आणि उंचावरची साल हाती यावी म्हणून झाडे सरळ पाडली जाऊ लागली. मादागास्करात तर झाड पाडून साल काढण्याचीच पद्धत होती. यात सोलणाऱ्याला दोष देणे सोपे आहे. त्याला मिळे ते किलोवर, कच्च्या सालीच्या वजनावर. हिशेब असा की दोन हजार किलो ओल्या सालीची वाळून हजार किलो होते आणि त्यातून अर्क निघतो पाच किलो. ती पाच किलो होईपर्यंतचे सगळे ओझे डोंगर उतरत माणसाच्या पाठीवर येई, आणि किंमत वाढे ती त्या पाच किलोनंतर. १९९७ मध्ये टोनी कनिंगहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या औषधांची जागतिक उलाढाल वर्षाला २२ कोटी डॉलर आणि सालीची मागणी तीन ते पाच हजार टनांच्या घरात असल्याचा अंदाज दिला. कनिंगहॅम यांनीच त्याआधी, १९९३ मध्ये, कॅमेरूनमधील सालतोडीची पाहणी करून धोक्याची सूचना दिली होती. ओकू पर्वतावरचे किलुम-इजिमचे रान, ज्यात जगात इतरत्र जवळजवळ न आढळणारे पक्षी आहेत, तेही या सोलणीतून सुटले नाही.

औषध खरोखर लागू पडते का, हा प्रश्न वाचकाच्या मनात आला असेल. कॉक्रेन संस्थेच्या २००२ च्या आढाव्यात १८ चाचण्या आणि १,५६२ रुग्ण पाहिले गेले. लक्षणांत माफक सुधारणा दिसली, पण चाचण्या छोट्या आणि अल्पकाळाच्या होत्या असा त्याचा सूर आहे. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्याहून लक्षणीय आहे तो आढाव्याचा मथळा. काल्कमन यांच्या निर्वाळ्यानंतर सदतीस वर्षांनीही त्यात झाडाचे नाव 'पायजियम आफ्रिकानम' असेच छापले आहे.

कायद्याने मात्र शास्त्राचे नाव घेतले. वन्य प्राणी आणि वनस्पती यांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटीस कराराच्या नोव्हेंबर १९९४ च्या फोर्ट लॉडरडेल येथील बैठकीत 'प्रुनस आफ्रिकाना' दुसऱ्या परिशिष्टात घातले गेले आणि १९९५ च्या फेब्रुवारीपासून ते लागू झाले. तेव्हापासून साल, तिची भुकटी आणि अर्क परवान्याशिवाय सीमा ओलांडू शकत नाही. परवान्यावर एक नाव आणि बाटलीवर दुसरे, असा हा संसार आहे. सीमाशुल्काच्या कचेरीत 'पायजियम'ची भुकटी पाहणाऱ्याला ती 'प्रुनस आफ्रिकाना'च्या यादीत मोडते हे आधी ठाऊक असावे लागते. शब्दकोशातला पर्याय शोधण्याचे काम येथे पोलिसी काम होऊन बसले. १९९८ मध्ये झाड आंतरराष्ट्रीय तांबड्या यादीत 'असुरक्षित' म्हणून नोंदले गेले. २००० मध्ये मुटेंगेनेचा कारखाना बंद पडला, पण व्यापार थांबला नाही, वाटा बदलल्या. २००७ मध्ये युरोपीय संघाने कॅमेरूनची साल घेणे स्थगित केले. रानात झाडे किती आणि साल किती घेता येईल याचा हिशेब डोंगरवार मांडला गेल्यावरच ती स्थगिती पुढे काही भागांपुरती उठली. २००९ मध्ये कॅमेरून पर्वतावर राष्ट्रीय उद्यान झाले.

हुकरांच्या प्रश्नाचे उत्तर २०११ मध्ये पुढे आले. 'मॉलिक्युलर इकॉलॉजी'त प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी आफ्रिकाभरच्या डोंगरांवरून या झाडाची पाने गोळा करून त्यांचे जनुकीय नाते पडताळले. पश्चिम युगांडातली झाडे शेजारच्या केनियाच्या झाडांपेक्षा दूरच्या पश्चिम आफ्रिकेतल्या झाडांना अधिक जवळची निघाली. याचा अर्थ, हवामान थंड असताना पूर्व आणि पश्चिमेच्या उंच प्रदेशांना जोडणारी एक वाट होती. झाड पक्ष्यांच्या पोटातून त्या वाटेने सरकत गेले आणि हवा तापली तशी वाट मिटून डोंगरांची बेटे उरली. ही गोष्ट कोणत्याही भाषेत लिहिलेली नव्हती. ती पानात होती आणि पान जिवंत असेपर्यंतच वाचता येणार होती. एखाद्या डोंगरावरची सगळी मोठी झाडे सोलून मेली तर त्या डोंगराचे पान फाटले असे शब्दशः म्हणावे लागते.

ऐंशीच्या दशकापासून कॅमेरूनच्या वायव्य भागातले शेतकरी हे झाड आपल्या शेताच्या कडेने आणि कॉफीच्या मळ्यांत लावू लागले आहेत. लावलेल्या झाडाची साल विकायची तरी निर्यातीचा कागद लागतोच, आणि हे झाड रानातले नव्हे, माझ्या हाताने लावलेले आहे, हे शेतकऱ्याला सिद्ध करावे लागते. २०१६ पासून त्या इंग्रजीभाषक प्रांतांत चाललेल्या संघर्षाने कचेरीपर्यंत पोचणेही अवघड केले. रोपे तयार करणाऱ्यांना संशोधक सांगतात की बी शक्यतो आपल्याच डोंगरावरच्या झाडांचे घ्यावे, दूरचे आणून मिसळू नये. बी घेण्याजोगे झाड पंधरा-वीस वर्षांचे हवे, आणि तेही दरवर्षी सारखे फळत नाही. ते बी उन्हात वाळवून डब्यात ठेवता येत नाही. पिकलेले फळ माकडांच्या आधी हाती लागले पाहिजे, गर धुऊन टाकला पाहिजे आणि थोड्याच आठवड्यांत ते सावलीतल्या ओल्या मातीत गेले पाहिजे.